कामाची यादी कोण करणार?

"अमेरिकेत ही पद्धत चांगली रुळलेली आहे," मावशींनी मुद्दा मांडला. "थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०३ साली फ्लोरिडातलं पेलिकन आयलंड हे चिमुकलं बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवलं. तिथून सुरू झालेल्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयक्षेत्रांची संख्या आज साडेपाचशेच्या पुढे गेली आहे. माणसं स्वतःचं चाकांवरचं घर घेऊन तिथे जातात. कार्यालय त्यांना गाडी उभी करायला जागा, वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी देतं. त्या बदल्यात ती माणसं आठवड्यातले तीन-चार दिवस काम करतात. कोणी माहिती केंद्रात बसतं, कोणी पक्षी मोजतं, कोणी बाहेरून आलेलं तण उपटतं, कोणी स्वच्छतागृहं धुतं. पगार कोणालाच नाही. आपल्याकडेही २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंच की. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत एक गाडी भाड्याने घ्यावी, कुडव्याहून निघावं आणि नागझिऱ्याच्या वेशीवर महिनाभर मुक्काम करून पडेल ते काम करावं, यात वावगं काय? शाळेत तीस वर्षं मुलांना जंगलाचं महत्त्व शिकवायचं आणि सुट्टी आली की महाबळेश्वर गाठायचं, हे आता मनाला पटत नाही."

भाचा शेती करतो. मधल्या काळात त्याने पक्षीगणनेचं आणि वनविभागाच्या सर्वेक्षणांचंही काम केलं आहे. त्याला मावशींचा हेतू खोटा वाटत नव्हता, पण योजनेत खोट दिसत होती.

"मावशी, तू दोन वेगळ्या जागा एकाच नावाखाली बसवते आहेस," तो म्हणाला. "अमेरिकेतली बरीचशी आश्रयक्षेत्रं पाणथळ आहेत, बदकं, हंस आणि क्रौंचांसाठी राखलेली. माणूस तिथे पायी हिंडू शकतो. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे. नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. डिसेंबर २०१३ मध्ये ही जंगलं आणि आसपासची अभयारण्यं मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, महाराष्ट्रातला पाचवा. गाभा क्षेत्र साडेसहाशे चौरस किलोमीटरहून मोठं आहे. तिथे पायी फिरायला मनाई आहे आणि सूर्य मावळला की फाटक बंद. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या उन्हात पत्र्याच्या गाडीत राहायचं म्हणजे एसी आला, आणि वीज नसेल तिथे जनरेटर आला. आतल्या विश्रामगृहांत वीज नाही, हेच नागझिऱ्याचं वर्षानुवर्षांचं वैशिष्ट्य. रात्री तिथे पिंगळा ऐकू येतो तो त्यामुळेच. त्याच जंगलाच्या कडेला आपण रात्रभर इंजिन घरघरवायचं का?"

"आत राहायचं कोण म्हणतं?" मावशी म्हणाल्या. "चोरखमारा असो की पिटेझरी, गाडी गावातच उभी राहील. वीज गावातली, पाणी गावातलं, त्याचे पैसे गावाला. एसी नको असेल तर नको. मी पंख्याखाली वाढलेली बाई आहे. चाकांवरचं घर मला मिरवायला नको आहे. गावात एखाद्याची खोली अडवायला नको आणि वनविभागाचं विश्रामगृहही अडवायला नको, एवढ्यासाठी ते हवं. पाहुणा येतो तेव्हा घरातलं कोणीतरी त्याच्यासाठी ओसरीवर झोपतं. मला तशी पाहुणी व्हायचं नाही."

एवढं भाच्याने मान्य केलं. मग त्याने खरा प्रश्न विचारला: महिनाभर ती करणार काय?

मावशींकडे यादी तयार होती. पाणवठ्यातला गाळ काढणं, कुरणांत माजलेला तरोटा आणि रानतुळस उपटणं, रायमुनियाची झुडपं तोडणं, जाळरेषा साफ करणं, फाटकावर येणाऱ्या शाळकरी मुलांना जंगल समजावून सांगणं. "यातलं प्रत्येक काम गरजेचं आहे," त्या म्हणाल्या. "कुरणात तरोटा माजला की चितळांचं गवत मरतं. चितळ कमी झालं तर वाघाने खायचं काय? मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, पुढच्या वर्षी तिसरी आणली. वाघीण सोडल्याची बातमी होते. तिच्यासाठी गवत राखणाऱ्याची होत नाही. ते न दिसणारं काम मला करायचं आहे. आणि हे काही परदेशातून आणलेलं खूळ नाही. सोमनाथला बाबा आमट्यांनी एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्काराची छावणी सुरू केली. महाराष्ट्रभरातली पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे जाऊन कुदळ-फावडं चालवायची. त्यातली कितीतरी पुढे सार्वजनिक कामात आली."

"ते काम दिसत नाही हे खरं," भाचा म्हणाला, "पण ते करणारा माणूस आहे ना. गवत राखायला, जाळरेषा काढायला आणि वणवा विझवायला आपल्याच गावांतली माणसं हंगामी मजुरीवर जातात. रोवणीला अवकाश असतो, तेंदूपत्त्याचे दिवस थोडे असतात, तेवढ्या काळात हीच मजुरी घर चालवते. आठ एप्रिल २०२१ आठव. नागझिऱ्यात वणवा लागला होता. तो विझवायला गेलेल्या तीन हंगामी वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला. ती माणसं कायम नोकरीत नव्हती. पंधरा फेब्रुवारी ते पंधरा जून हा आगीचा हंगाम आणि तू जाणार तोही त्यातच. मला सांग, तेच काम शहरातल्या बाईने हौसेने आणि फुकट केलं, तर उद्या साहेबाच्या टेबलावर हिशोब कसा मांडला जाईल? दहा मजुरांऐवजी सहा पुरेत, बाकीचं स्वयंसेवक करतील, असाच ना? तुझं फुकट काम त्या घराच्या चुलीवर पडेल, मावशी. सोमनाथच्या छावणीचं वेगळं होतं. ती पोरं आली म्हणून कोणाची मजुरी गेली नाही."

मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे मला मान्य. ज्या कामाला मजुरी मिळते त्याला मी हात लावणार नाही. जाळरेषा आणि तरोटा यादीतून काढून टाक. पण मजुरी देऊन कोणीच ज्याला नेमलेलं नाही, असंही काम असतं. मोजणी घे. रोज एकाच वाटेवर, एकाच वेळी, किती चितळ, किती सांबर, किती रानकुत्रे दिसले याची नोंद घे. एका वनरक्षकाकडे केवढं क्षेत्र असतं हे तुला ठाऊक आहे. गस्त, कागदपत्रं, तक्रारी, पंचनामे, यातून तो वही कधी भरणार?"

"मोजणी आता वहीवर चालत नाही," भाच्याने उत्तर दिलं. "२००६ पासून वाघांचा देशव्यापी अंदाज कॅमेऱ्यांवर घेतात. २०१८ च्या फेरीत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रं निघाली आणि त्यातली ७६,६५१ वाघांची होती. प्रत्येक वाघाचे पट्टे संगणक जुळवतो. या कामात हौशी डोळ्याला जागा कुठे उरली? बुद्धपौर्णिमेचं काय झालं ते पाहा. पूर्वी त्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राणी मोजायचे आणि त्या आकड्यांना गणनेचा मान होता. शास्त्र पुढे गेलं, मान गेला. आता तोच कार्यक्रम निसर्गानुभव म्हणून होतो, शुल्क भरून. लोक रात्र जागतात, अस्वल दिसलं की हरखतात आणि सकाळी घरी जातात. त्यात वाईट काही नाही, पण त्याला जंगलाची सेवा म्हणू नये. ती तिकिटाची रात्र आहे. तुझ्या महिन्याचंही उद्या तिकीटच होईल."

"एवढ्यावर निकाल देऊ नको, बेटा," मावशींचा आवाज चढला. "कॅमेरा वाघ ओळखतो, कारण वाघाच्या अंगावर पट्टे आहेत. चितळाचं काय? तृणभक्ष्यांची घनता काढायला आजही माणसं ठरलेल्या रेषेवर चालतात आणि दिसलेला कळप, त्याचं अंतर, त्याचा कोन लिहितात. कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात उल्लास कारंथांनी याच कामासाठी हौशी माणसांना शिकवून तयार केलं. त्यात नोकरदार होते, विद्यार्थी होते. तुझ्या कॅमेऱ्यांच्या गणनेतही भक्ष्याची बाजू चालणाऱ्या माणसांनीच सांभाळली आहे. आणि मचाणावरच्या रात्रीला एवढं हलकं लेखू नको. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात जाऊन राहिले आणि 'नागझिरा' लिहून गेले. ते वनखात्याचे नोकर नव्हते, पाहुणेच होते. किरण पुरंदरे चारशे दिवस त्या जंगलात राहिले आणि त्यातून 'सखा नागझिरा' आलं. विदर्भ न पाहिलेल्या किती मराठी घरांत आपल्या या जंगलाचं नाव या दोन पुस्तकांनी पोचवलं! कॅमेऱ्याच्या साडेतीन कोटी छायाचित्रांनी ते काम केलं नाही."

"पुरंदऱ्यांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे," भाचा म्हणाला. "चारशे दिवस म्हणजे सगळे ऋतू आले. पाण्यावर कोण कधी येतं, कुठल्या झाडाला कधी मोहर येतो, कुठल्या महिन्यात कुठली वाट बंद होते, हे त्या माणसाला कळलं ते राहण्यामुळे. पुढे तर ते पिटेझरीलाच राहायला गेले. मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधला जे पाहिलं ते वर्षानुवर्षांच्या मुक्कामातून आणि माधवराव डोंगरवारांसारख्या तिथल्या जाणत्या माणसाच्या संगतीतून. ही सगळी राहणारी माणसं. सुट्टी म्हटली की परतीची तारीख आधीच ठरलेली असते. रेषेवर चालून मोजायला शिकेपर्यंतच तुझा महिना संपेल आणि तुला शिकवण्यात वनरक्षकाचा आठवडा जाईल."

"चारशे दिवसांचा पहिला दिवस कोणाचाही पाहुण्याचाच असतो," मावशी म्हणाल्या. "आणि अमेरिकेतली ही माणसं एकदाच येऊन जात नाहीत. बहुतेक ठिकाणी निदान दोन-तीन महिने राहण्याची अट असते. बरेच जण दरवर्षी त्याच जागी परततात. मीही दर उन्हाळ्यात जाईन. पाच उन्हाळे गेले की मी पाहुणी राहीन का?"

याचं उत्तर भाच्याने दुसरीकडून दिलं. "राहशील किंवा नाही, ते गाव ठरवेल. आणि गावाला विचारताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. नवेगावच्या जंगलात कालीमाटी, कवलेवाडा, झनकारगोंदी ही गावं होती. वाघासाठी जागा मोकळी हवी म्हणून तिथल्या लोकांचं बाहेर पुनर्वसन झालं. पिढ्यान्‌पिढ्या आत राहिलेल्या माणसाला सांगितलं की तुझ्या राहण्याने जंगलाला त्रास होतो. त्याच जंगलाच्या कडेला आता शहरातून एक घर चाकांवर येतं आणि त्याला पाणी, वीज, जागा दिली जाते, कारण त्याच्या राहण्याने म्हणे जंगलाचं भलं होतं. त्या कुटुंबांना हे कसं दिसेल, याचा विचार तुझ्या योजनेत कुठे आहे?"

"नव्हता," मावशी म्हणाल्या. "आता करावा लागेल."

संवाद इथे थांबला असता, पण मावशींना क्रौंचांची गोष्ट सांगायची होती. टेक्सासच्या किनाऱ्यावर अरान्सास हे आश्रयक्षेत्र १९३७ साली झालं. हूपिंग क्रेन हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच पक्षी, आपल्या सारसाचाच भाऊबंद. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला जगात त्याचे वीस-बावीसच पक्षी मोकळे उरले होते. आज कॅनडातून येऊन हिवाळ्यात अरान्सासला उतरणारा थवा पाचशेच्या पुढे आहे. "आणि दुसरा थवा उभा करण्यासाठी काय केलं माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "विस्कॉन्सिनमधल्या नेसिडा आश्रयक्षेत्रात पिल्लं वाढवली. माणसाची सवय लागू नये म्हणून त्यांना वाढवणारे पांढरे अंगरखे घालून वावरायचे. पिल्लांना स्थलांतराची वाट दाखवणारे आईबाप नव्हते, म्हणून २००१ पासून एक चमू अतिहलकं विमान पुढे उडवत त्यांना फ्लोरिडापर्यंत घेऊन जाई. सुमारे दोन हजार किलोमीटर. जमिनीवरची माणसं चाकांवरच्या घरांत राहून त्या थव्याबरोबर मुक्काम हलवत जायची. हवा बिघडली की दिवसच्या दिवस एका शेतात अडकून पडायची. त्यात कितीतरी स्वयंसेवक होते. ही चाकांवरची घरं नसती तर तो प्रवास झाला असता का?"

"प्रवास झाला, मावशी, पण त्याची पुढची गोष्टही सांग," भाचा म्हणाला. "२०१६ च्या सुरुवातीला तिथल्या वन्यजीव खात्याने विमानामागून पक्षी नेणं थांबवायचं ठरवलं. पक्षी वाट शिकले, उडाले, जोड्या जमल्या, अंडीही घातली. पण पिल्लं वाढवण्यात ते कमी पडत होते. अंगरखा घातलेल्या माणसाकडून मोठी झालेली पिल्लं पुढे नीट आईबाप होत नाहीत, अशी शंका बळावली. म्हणजे तिथल्या माणसांच्या कष्टात आणि मायेत काही उणं नव्हतं. तरी माणसाचा हात जिथे जास्त लागला तिथेच अडलं. आणि अरान्सासचा जुना थवा वाढला तो कशाने? त्याची पाणथळ जागा राखली, शिकार थांबवली, आणि आईबापांनी आपली पिल्लं स्वतः कॅनडाहून आणली. मदत करणाऱ्याने सगळ्यात आधी हे विचारायला हवं की माझ्या हाताची इथे गरज आहे का."

"मग सारसाला आहे ना गरज?" मावशी लगेच म्हणाल्या.

भाच्याला मावशींनी इथपर्यंत यावं असंच वाटत होतं. "आहे, आणि त्यासाठी गाडी भाड्याने घ्यायला नको," तो म्हणाला. "महाराष्ट्रात सारस उरला आहे तो आपल्या गोंदियात आणि थोडा शेजारच्या भंडाऱ्यात. वैनगंगेपलीकडे बालाघाटला आहे. आपल्या जिल्ह्यात काही डझनांपुढे तो गेलेला नाही. परसवाड्याचा तलाव, झिलमिलीचा तलाव, बाघ नदीकाठची शेतं, ही सगळी आपल्या कुडव्यापासून सायकलच्या टप्प्यात. सारस व्याघ्र प्रकल्पात राहत नाही. तो धानाच्या बांधीत राहतो. पावसाळ्यात बांधीतच काड्या-गवताचा ढीग घालून घरटं करतो. बहुधा दोन अंडी, महिनाभर उबवणं. त्या महिन्यात त्या बांधीत निंदण नाही, फवारणी नाही, कुत्रं नाही. नुकसान शेतकऱ्याचं होतं आणि राखणही तोच करतो. 'सेवा' संस्थेची माणसं आणि सारसमित्र म्हणवणारे शेतकरी कितीतरी वर्षं हे करत आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी गणना होते. वेगवेगळ्या ठिकाणी एकाच पहाटे माणसं बसतात, कारण सारस उडून दुसऱ्या तलावावर गेला तर दोनदा मोजला जाईल. त्या पहाटे माणसं कमी पडतात. विजेच्या तारांना धडकून सारस मेले आहेत. कुठल्या तारेखालून ते रोज जातात, याची नोंद वर्षभर कोणीतरी ठेवायला हवी. हे काम मजुरीचं नाही, हे तुझं काम आहे. आणि त्यातलं घरट्यांचं काम मे महिन्यात नाही, जुलै-ऑगस्टमध्ये आहे, शाळा सुरू असताना."

मावशींना यातला चिमटा कळला. सुट्टी माणसाच्या सोयीने येते, पक्षी आपल्या सोयीने. "म्हणजे तुझं म्हणणं, मी नागझिऱ्याला जाऊच नये आणि घराजवळचा सारस राखावा," त्या म्हणाल्या. "सारसाचं मी करीनच. रविवार आहेत, पहाटा आहेत. पण तू म्हणतोस तसं प्रत्येकाने घराजवळचंच जंगल राखायचं ठरवलं, तर ज्यांच्या घराजवळ जंगल नाही त्यांनी काय करायचं? पुण्याच्या, ठाण्याच्या माणसाने नागझिरा फक्त जिप्सीतून तीन तास पाहायचा, पैसे भरायचे आणि निघायचं? आज तेवढंच दार त्याला उघडं आहे. तो महिनाभर गावात राहिला, तिथली मजुरी किती मिळते, वणवा कोण विझवतं, कालीमाटीच्या माणसाचं काय झालं, हे त्याने पाहिलं, तर शहरात परतल्यावर तो जंगलाबद्दल वेगळं बोलेल. मत देताना वेगळा विचार करेल. पर्यटकाकडून ते व्हायचं नाही. मला त्याच्या हातांपेक्षा त्याच्या डोळ्यांचा उपयोग जास्त वाटतो."

"पाहण्यासाठी यावं, याला माझी ना नाही," भाचा म्हणाला. "पण मग त्याला मदत म्हणू नये, शिकणं म्हणावं आणि शिकण्याची फी भरावी. गाडीचं भाडं आणि डिझेल यावर तू जे घालशील ते आगीच्या हंगामातल्या मजुरांच्या बुटांवर, विम्यावर घाल."

"पैसे पाठवून मोकळं होणं मला सोपं आहे. म्हणूनच त्याच्यावर माझा विश्वास नाही. पावती मिळाली की माणूस विसरतो."

"आणि तू महिनाभर राहिलीस की गावाला तुझी सरबराई करावी लागेल, त्याचं काय?"

इथे दोघांना एक गोष्ट एकदमच सापडली. मघापासून यादी कधी मावशी करत होत्या, कधी भाचा खोडत होता. चोरखमाऱ्याच्या माणसाला कोणी विचारलंच नव्हतं. बफरमधल्या गावांत जन-वन विकास योजनेखालच्या ग्राम परिस्थितिकीय विकास समित्या आहेत. त्यात गावातली बाया-माणसं बसतात आणि वनविभागाचा माणूसही बसतो. बाहेरच्या माणसाने कधी यावं, किती दिवस राहावं, कोणत्या कामाला हात लावावा आणि कोणत्या कामाला मुळीच लावू नये, हे त्यांनी लिहून द्यावं, यावर दोघांचं एकमत झालं.

पुढे मात्र पुन्हा फाटे फुटले. भाच्याचा आग्रह असा की समितीने 'माणूस नको, मजुरी वाढवायला मदत करा' असं सांगितलं तर तेच काम समजून घ्यावं आणि नागझिऱ्याची वाट सोडून द्यावी. मावशींचं म्हणणं की समितीत बसणारा माणूस आजवर बाहेरच्याला एकतर साहेब म्हणून भेटला आहे नाहीतर गिऱ्हाईक म्हणून. तिसऱ्या प्रकारचा माणूस त्याने पाहिलेलाच नाही, तर तो हवा की नको हे त्याने कशावरून सांगायचं? आधी कोणीतरी जाऊन राहिलं पाहिजे. भाचा म्हणाला, अंगरखा घालून पिल्लं वाढवणाऱ्यांनाही आधी असंच वाटलं होतं. मावशी म्हणाल्या, त्यांनी ते करून पाहिलं म्हणून तर काय चुकलं ते कळलं.

जूनच्या पहाटेच्या सारस गणनेसाठी दोघांनी नावं दिली आहेत. परसवाड्याच्या बाजूला मावशी बसणार आणि झिलमिलीला भाचा. त्याआधी मे महिन्यात मावशी एक दिवस एसटीने चोरखमाऱ्याला जाणार आहेत, समितीच्या बैठकीत नुसतं बसायला. गाडीचं भाडं त्यांनी अजून विचारलेलं नाही. भाच्याने बरोबर यावं असं त्यांना वाटतं. त्याचं म्हणणं, तो बरोबर असला तर गाव त्याच्याकडे पाहून उत्तर देईल. म्हणून त्याने जावं की न जावं, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही.